मॉरिस मायनरचे इंजिन बांधताना

इंजिन पूर्ण गरम झाले आणि गाडी मंद चालीवर उभी राहिली, की तेलाच्या दाबाचा इशारा देणारा दिवा लुकलुकू लागे. आणि चढावर जरा जोर द्यावा, तर खालच्या अंगाने ठक् ठक् असा जड आवाज येई. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या जोडणीचा, आवाज वरून येतो, तो टिकटिक असतो आणि त्याने सहसा घाबरण्याचे कारण नसते. हा आवाज तसा नव्हता. लाकडी दारावर कोणी मुठीने ठोकावे तसा तो होता, आणि जोर काढून घेतला की थांबायचा.

गाडी आहे १९५८ ची मॉरिस मायनर १०००. काटेकोर अर्थाने व्हिंटेज म्हणजे १९३० पर्यंतच्या गाड्या, त्यामुळे हिला क्लासिक म्हणणे अधिक योग्य. पण बोलताना जुन्या गाडीला सगळेच व्हिंटेज म्हणतात आणि मलाही तो शब्द सोडवत नाही. अलेक इसिगोनिस यांनी घडवलेली ही गाडी १९४८ साली आली तेव्हा तिच्यात जुन्या पद्धतीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन होते. पुढे ऑस्टिन ए३० साठी १९५१ साली तयार झालेले ए-सीरीज इंजिन तिला मिळाले, आधी ८०३ सीसीचे आणि १९५६ पासून ९४८ सीसीचे. बिडाचा ब्लॉक, बिडाचेच हेड, चार सिलिंडर, क्रँकशाफ्टला धरणारी तीन मुख्य बेअरिंग, ब्लॉकमध्ये बसवलेला कॅमशाफ्ट आणि त्यावरून पुशरॉडने, म्हणजे उभ्या दांड्यांनी, चालणारे आठ व्हॉल्व्ह, एवढाच त्याचा पसारा आहे. याच घराण्यातली इंजिने मिनीमध्ये २००० सालापर्यंत बसत राहिली, ती उगाच नाही. ते इतके साधे आहे, की धीराने बसणाऱ्या माणसाला ते स्वतःच्या हाताने उघडता येते आणि समजून घेता येते.

उघडण्याआधी मी दोन चाचण्या केल्या. चालू इंजिनाच्या एकेका स्पार्क प्लगची टोपी काढून त्या त्या सिलिंडरचे काम बंद पाडले आणि आवाज ऐकला. तिसऱ्या सिलिंडरची टोपी काढताच ठोका जवळजवळ नाहीसा झाला. पेटलेल्या वायूचा धक्का त्या पिस्टनवर येईनासा झाला, म्हणून कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, म्हणजे बिग एंडच्या बेअरिंगमधली ढिलाई वाजेनाशी झाली, असा त्याचा अर्थ होता. दुसरी चाचणी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजण्याची. पहिले तीन सिलिंडर १४० पौंडांच्या आसपास होते आणि चौथा ९५ वर. चौथ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले तेव्हा काटा १२५ वर चढला. तेलाने फट तात्पुरती बुजली, तेव्हा गळती व्हॉल्व्हमधून नसून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती यांच्यामधून होती, हे नक्की झाले. म्हणजे एकाच इंजिनात दोन वेगळी दुखणी होती, आणि वरवरच्या कामाने त्यांतले एकही बरे होणार नव्हते.

इंजिन बाहेर काढण्याच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बॉनेट, रेडिएटर, कार्बोरेटर, डायनॅमो आणि नळ्या उतरवल्या, गिअरबॉक्सला खालून टेकू दिला आणि साखळीच्या चेनपुलीने इंजिन वर उचलले. एकच गोष्ट मी अतिशय कसोशीने केली : प्रत्येक बोल्ट जिथून निघाला त्या जागेचे नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवला, आणि पुशरॉड व त्यांच्याखाली कॅमवर टेकणारे टॅपेट एका पुठ्ठ्याला १ ते ८ अशी भोके पाडून त्यात क्रमाने खोचले. प्रत्येक पुशरॉड आपापल्या टॅपेटशी आणि व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरशी वर्षानुवर्षे घासून जुळलेला असतो. त्यांची अदलाबदल झाली, तर ती जुळणी मोडते आणि झीज नव्याने सुरू होते.

हेड निघता निघेना. नऊ स्टडांवरचे नट सैल करून काढले तरी ते ब्लॉकला चिकटलेलेच राहिले. अशा वेळी फटीत पेचकस घालून उचकटण्याचा मोह होतो, आणि तसे केल्याच्या खुणा मी अनेक जुन्या हेडांच्या कडांवर पाहिल्या आहेत. त्या ओरखड्यातून मग पाणी झिरपत राहते. सुदैवाने इंजिन उचलण्याआधीच हेड काढायला घेतले होते, त्यामुळे स्पार्क प्लग पुन्हा आवळून इंजिन हँडलने फिरवता आले. आतल्या हवेच्या दाबानेच हेड आपल्या जागेवरून हलले. त्याला कुठेही इजा झाली नाही.

हेड निघाल्यावर सिलिंडरच्या तोंडाशी बोट फिरवले, तर वरच्या कडेपासून थोडे खाली एक कंगोरा नखाला लागला. सर्वात वरची रिंग जिथपर्यंत येते तिथून खाली भिंत झिजते आणि तिच्यावरचा पट्टा मूळ मापाचाच राहतो, म्हणून हा कंगोरा तयार होतो. झीज या वरच्या भागातच सर्वात जास्त असते, कारण स्फोटाचा दाब तिथे सर्वाधिक असतो, रिंग भिंतीवर जोराने दाबली जाते आणि तेल मात्र तिथे सर्वात कमी पोहोचते. पहिल्या तीन सिलिंडरांत कंगोरा जाणवण्याइतका होता; चौथ्यात तो नख अडकण्याइतका होता. पिस्टन वरून काढायचे असल्यामुळे आधी हे कंगोरे काळजीपूर्वक घासून काढावे लागले, नाहीतर रिंगा आणि पिस्टनची भिंत तिथे अडकून फुटली असती.

मग इंजिन उलटे केले, सम्प म्हणजे तळाची तेलाची परात काढली, आणि तळाशी बसलेला काळा, लोण्यासारखा घट्ट गाळ खरवडून काढला. ए-सीरीजच्या या इंजिनात कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक सरळ आडवे न कापता तिरके कापलेले असते, म्हणून रॉड पिस्टनसकट सिलिंडरमधून वर ओढून काढता येतो. तिसऱ्या रॉडच्या बोल्टांखालच्या पत्र्याच्या कुलूपपट्ट्या सरळ केल्या, बोल्ट सोडले आणि कॅप हातात आली. बेअरिंगचा मऊ थर जागोजाग उडालेला होता आणि खालचे पोलाद उघडे पडून चमकत होते, हे अपेक्षितच होते. पण बेअरिंगची अर्धगोल चकती नखाने सरकवून बाहेर काढली, तेव्हा तिच्या पाठीला चिकटून एक अगदी पातळ, पिवळसर पट्टी आली. ती पितळी पत्र्याची होती, कात्रीने कापलेली, कडा किंचित वाकड्या. मायक्रोमीटरवर तिची जाडी २ थाऊ भरली, म्हणजे ०.००२ इंच.

कोणी तरी, केव्हा तरी, याच ठोक्यासाठी हे इंजिन खालून उघडले होते. क्रँकपिन, म्हणजे क्रँकशाफ्टचा रॉडच्या बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, झिजली होती, तेव्हा क्रँक बाहेर काढून घासून घेण्याऐवजी बेअरिंगच्या पाठीमागे पत्रा घालून फट कमी केली आणि सम्प पुन्हा लावला. जाड, ओतीव बेअरिंगांच्या काळात असे उपाय चालून जात. पण या पातळ पोलादी चकत्या मुद्दाम अर्ध्या वर्तुळाहून किंचित मोठ्या केलेल्या असतात; कॅप आवळली की त्या सर्व बाजूंनी घट्ट दबून बसतात, आणि पाठीमागच्या रॉडच्या धातूला पूर्ण टेकल्यामुळेच त्यांच्यातली उष्णता बाहेर जाते. मध्ये पत्रा आला की हा टेक बिघडतो, चकतीचा गोल बिघडतो आणि थोड्या काळाने ठोका परत येतो. त्या अनोळखी हाताचा मला राग आला नाही. त्याच्यापुढे कदाचित दुसऱ्या दिवशी गाडी हवी असलेला माणूस उभा असेल. पण यामुळे माझा एक निर्णय पक्का झाला : या इंजिनातल्या कुठल्याही भागाचे माप गृहीत धरायचे नाही. एका क्रँकपिनवर जे घडले होते ते आणखी कुठे घडलेले नसेल याची खात्री माझी मलाच करायची होती.

पुढचे अनेक दिवस मोजण्यातच गेले, आणि या सगळ्या कामातला मला सर्वाधिक आवडलेला भाग तोच. मायक्रोमीटर धरण्याचा हात बसायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी एकच जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) पाच वेळा मोजले तर पाच आकडे आले. तिसऱ्या दिवशी तेच आकडे अर्ध्या थाऊच्या आत येऊ लागले, तेव्हा वहीत लिहायला सुरुवात केली. प्रत्येक क्रँकपिन दोन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजली. मूळ माप १.६२५४ ते १.६२५९ इंच. पहिली, दुसरी आणि चौथी पिन थोडी झिजलेली पण गोल होती. तिसरी एका दिशेने १.६२४ आणि दुसऱ्या दिशेने १.६२१ भरली, म्हणजे ती गोल राहिलेलीच नव्हती. अंडाकृती पिनवर कितीही चांगले बेअरिंग घातले, तरी तेलाचा थर प्रत्येक फेऱ्यात एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ होणार. चारही पिना आणि तिन्ही मुख्य जर्नल १० थाऊने कमी करून घेणे, हाच मार्ग होता.

सिलिंडरांचा प्रश्न अधिक अवघड निघाला. काजळी पुसल्यावर पिस्टनच्या माथ्यावर ‘०२०’ असे कोरलेले दिसले, म्हणजे ब्लॉक एकदा २० थाऊने मोठा करून झाला होता. आता चौथ्यात सर्वाधिक झीज ८ थाऊ होती. मी कागदावर हिशेब केला : २० चे ३० केले तर व्यास १० थाऊने वाढतो, झीज ८ ची आहे, तेव्हा निभेल. तो कागद घेऊन मी बोअरिंगचे, म्हणजे सिलिंडर कोरून मोठे करण्याचे, काम करणाऱ्या वयस्कर कारागिरांकडे गेले. त्यांनी आकडे पाहिले आणि विचारले, “ही आठ थाऊ कुठल्या बाजूला आहे, ते मोजलंत का?” मी मोजले नव्हते. बोअर गेज फक्त व्यास सांगतो, केंद्र सांगत नाही. पिस्टन स्फोटाच्या फेऱ्यात एका ठरावीक बाजूला रेटला जातो, म्हणून झीज बव्हंशी त्या एका भिंतीवर असते. व्यास १० थाऊने वाढवला म्हणजे मूळ केंद्रापासून प्रत्येक भिंतीवरून फक्त ५ थाऊ निघतात. एकाच भिंतीवर ६ किंवा ७ थाऊ झीज असेल, तर तिथे जुना धातू तसाच राहणार. केंद्र सरकवून तो साफ करता येतो, पण मग सिलिंडर क्रँकच्या रेषेवर राहत नाही. “चाळीस करा,” ते म्हणाले, “पण आधी पिस्टन आणा. पिस्टन हातात आल्याशिवाय मी ब्लॉकला हात लावत नाही.”

४० थाऊ हे या ब्लॉकसाठी छापील पुस्तकातले शेवटचे माप आहे. त्यानंतर लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायच्या नळ्या, ठोकावे लागतात. त्या दिवशी घरी परतताना मला वाईट वाटत होते, कारण आपण या ब्लॉकच्या आयुष्यातला शेवटचा मूळ धातू वापरून टाकतो आहोत अशी भावना मनात होती. पण अर्धवट साफ झालेल्या सिलिंडरमध्ये नवे पिस्टन घालण्यात काही शहाणपण नव्हते. पिस्टन आले, कारागिरांनी प्रत्येक पिस्टन स्वतः मोजून त्यावर सिलिंडरचा क्रमांक लिहिला, आणि सोबतच्या कागदावर दिलेली फट राखून प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनच्या मापाने बोअर केला व बारीक घासदगडाने घासून होन केला. होनिंगच्या आडव्यातिडव्या रेघांची जाळी मी भिंगातून पाहिली. त्या रेघांमध्येच तेल धरले जाते आणि त्यांच्यावरच नव्या रिंगा घासून बसतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत असती तर रिंगा कधीच नीट बसल्या नसत्या. क्रँकही त्यांनीच पाठवून आधी चुंबकीय पद्धतीने भेगांसाठी तपासून घेतला आणि मगच ग्राइंड करवला. जर्नलच्या दोन्ही कोपऱ्यांतली गोलाई जपली गेली आहे का, हे त्यांनी मला बोट फिरवून पाहायला लावले. तिथे धारदार कोपरा राहिला तर क्रँक नेमका तिथूनच तुटतो.

चौथाच सिलिंडर इतका का झिजला, याचे उत्तर ब्लॉक धुताना मिळाले असे मला वाटते. पाण्याच्या पोकळ्या बंद करणारे बाजूचे कोअर प्लग ठोकून काढले, तेव्हा मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत गंज आणि गाळ यांचा घट्ट थर साचलेला होता. पाण्याचा पंप पुढे असल्यामुळे वाहून आलेले सगळे मागच्या कोपऱ्यात जाऊन बसते. ब्लॉकचा पाणी सोडायचा नळही त्याच गाळाने बुजला होता, म्हणजे आतले पाणी बहुधा कित्येक वर्षे पूर्णपणे बदललेच गेले नसणार. तो सिलिंडर बाकीच्यांपेक्षा गरम चालत असला पाहिजे आणि त्याच्या भिंतीवरचे तेल पातळ होत असले पाहिजे. वाकवलेली तार, जुन्या पेचकसाचे पाते आणि पाण्याची जोरदार धार वापरून तो थर काढायला मला दोन पूर्ण दिवस लागले. ब्लॉकमधून शेवटी निघणारे पाणी स्वच्छ दिसले, तेव्हाच मी थांबले.

तेलाच्या वाटांची सफाई त्याहून नाजूक होती. ब्लॉकमधल्या मुख्य तेलनळीची टोके पितळी बुचे ठोकून बंद केलेली असतात. ती काढल्याशिवाय आत ब्रश जात नाही, आणि बुचे जागेवर असताना नुसती हवा मारून झालेली सफाई ही सफाई नव्हे. ग्राइंडिंगहून आलेला क्रँक बाहेरून लखलखीत होता, तेलात भिजवलेल्या कागदात गुंडाळलेला होता. तरीही मुख्य जर्नलपासून क्रँकपिनपर्यंत जाणाऱ्या तिरक्या छिद्रांत बारीक ब्रश घालून फिरवला आणि पांढऱ्या कापडावर पुसला, तर कापडावर करडी, बोटाला खरखरीत लागणारी पेस्ट उमटली. ती घासदगडाची पूड होती. ती आत राहिली असती तर इंजिन चालू होताच पहिल्या तेलाबरोबर थेट नव्या बेअरिंगमध्ये जाऊन रुतली असती. साबणाचे गरम पाणी, ब्रश, स्वच्छ पाणी, हवा, आणि लगेच तेल, असा फेरा मी अकरा वेळा केला. अकराव्या वेळी कापड पांढरेच राहिले. होन केलेल्या सिलिंडरांनाही साबणाच्या पाण्यानेच धुवावे लागते. नुसत्या रॉकेलने किंवा पेट्रोलने ती पूड रेघांमधून निघत नाही.

हेडचे काम तुलनेने सरळ झाले. त्याला पाचच मुखे आहेत, दोन आत घेण्याची आणि तीन बाहेर सोडण्याची; मधले बाहेर सोडणारे मुख दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांना सामाईक असते, त्यामुळे तो भाग फार तापतो आणि तिथल्या व्हॉल्व्हच्या बैठका आधी जळतात. माझ्या हेडमध्ये त्या खोल गेल्या होत्या. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात शिशाच्या संयुगांचा पातळ थर बैठकीवर बसून तिचे रक्षण करी. आताच्या पेट्रोलने तो मिळत नाही आणि बिडाची उघडी बैठक झिजत जाते. म्हणून चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागी कठीण धातूच्या कड्या बसवून घेतल्या, व्हॉल्व्हच्या दांड्या ज्यांत सरकतात ते गाइड बदलले आणि व्हॉल्व्ह स्वतः लॅपिंग पेस्टने घासून जुळवले. प्लग लावलेल्या हेडच्या पोकळीत रॉकेल भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी मुखात कुठे ओल नाही हे पाहिले.

जुळणीला सुरुवात केली त्या दिवशी खोली धुतली, बाकावर नवे कापड घातले आणि दार बंद केले. बेअरिंगची पाठ आणि तिची बैठक कोरडी, आतली बाजू तेलाने माखलेली, हा नियम. तेल लावण्याआधी प्रत्येक बेअरिंगमध्ये प्लास्टिगेजचा, म्हणजे दाबून चपटा होणारा मऊ, दोरा ठेवून कॅप ठरल्या टॉर्कने आवळली, पुन्हा सोडली आणि चपटा झालेला दोरा पट्टीवर मोजला. सातही ठिकाणी फट दीड ते दोन थाऊ भरली. मधल्या मुख्य बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना क्रँकची पुढेमागे हालचाल रोखणारे थ्रस्ट वॉशर येतात आणि त्यांच्या तेलाच्या चरा क्रँककडे तोंड करून असाव्या लागतात. उलटे बसले तरी बसतात, म्हणूनच त्यांच्याकडे दोनदा पाहावे. क्रँकची पुढेमागे हालचाल अडीच थाऊ आली, जी २ ते ३ थाऊच्या मर्यादेत होती. मुख्य कॅपचे बोल्ट ६० फूट-पौंडांवर, बिग एंडचे ३५ वर, आणि प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहिला. सगळ्या मुख्य कॅप आवळूनही तो दोन बोटांनी फिरला, तेव्हा गेल्या कित्येक दिवसांचा शीण उतरला.

पिस्टन बसवताना मात्र घाई नडली. ९४८ सीसीच्या इंजिनात पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन रॉडच्या वरच्या टोकात एका बोल्टने आवळून धरलेली असते. तो आवळताना रॉड मुरगळू नये म्हणून पिनच दोन्ही टोकांनी धरावी लागते, हे सगळे मी नीट केले. रिंगा सिलिंडरमध्ये एकेक करून ढकलून त्यांच्या टोकांमधली फट मोजली, पुस्तकात दिलेली ७ ते १२ थाऊ, आणि दोन रिंगा घट्ट निघाल्या त्या कानशीने जुळवल्या. पहिला आणि दुसरा पिस्टन सुरेख उतरला. तिसऱ्याच्या वेळी संध्याकाळ झाली होती आणि आज चारही संपवावेत असे मनाने घेतले होते. रिंगा दाबून धरणारा पत्र्याचा पट्टा ब्लॉकवर सपाट टेकलेला नव्हता. हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत असताना पिस्टन जरा अडला. तिथे थांबायला हवे होते. मी आणखी एकदा ठोकले आणि बर्फाचा पातळ पापुद्रा तडकावा तसा बारीक, कोरडा आवाज आला.

दुसरी रिंग पट्ट्याखालच्या फटीतून उसळून बाहेर आली होती आणि तिचे दोन तुकडे झाले होते. बिडाची रिंग वाकत नाही, मोडते. पिस्टन बाहेर काढला, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा आहे का हे दिव्याच्या प्रकाशात इंच इंच पाहिले, तुकडे जोडून कपचा हरवलेला नाही याची खात्री केली, आणि दिवा मालवून खोलीबाहेर आले. भिंत वाचली होती. नवी रिंग येईपर्यंत नऊ दिवस ब्लॉक झाकून ठेवावा लागला. नवी रिंग आल्यावर तिसरा आणि चौथा पिस्टन मी सकाळी बसवले, वेगवेगळ्या दिवशी.

कॅमशाफ्ट पुन्हा ग्राइंड करून आणला होता आणि त्याच्यावर आठही टॅपेट नवे घातले, कारण जुन्यांच्या तळाला खड्डे पडले होते. टायमिंग चेन चढवताना क्रँकच्या आणि कॅमच्या चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणले. तेलाचा पंप या इंजिनात कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावरून फिरतो. तो बसवण्याआधी तेलाने भरला, म्हणजे कोरडा पंप तेल ओढत नाही अशी वेळ येऊ नये. हेडचे नट मध्यापासून सुरुवात करून बाहेर गोल गोल जात, तीन टप्प्यांत ४० फूट-पौंडांपर्यंत आवळले. टॅपेटची फट थंड इंजिनावर १२ थाऊ ठेवायची, आणि त्यासाठी जुन्या मिस्त्रींचा नऊचा हिशेब फार सोयीचा आहे : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला जुळवायचा, सहावा उघडा असेल तेव्हा तिसरा, अशा रीतीने उघड्या आणि जुळवायच्या व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ.

इंजिन गाडीत बसले, पाणी आणि तेल भरले. इशाऱ्याच्या दिव्यावर विसंबून राहायचे नाही असे ठरवून दिव्याच्या जागी तात्पुरता दाबाचा काटा लावला होता. प्लग काढून इंजिन स्टार्टरवर फिरवले. दहा सेकंद, थांबून पुन्हा दहा सेकंद. काटा हलला नाही. तिसऱ्या वेळी तो थरथरला आणि सावकाश ४० वर जाऊन स्थिरावला. रॉकरचे झाकण उघडेच ठेवले होते. रॉकरच्या छिद्रांतून तेल पाझरताना दिसले आणि मगच प्लग लावले, सिलिंडर पेटण्याचा १-३-४-२ हा क्रम पुन्हा एकदा मोठ्याने म्हणत वायरी जोडल्या.

दुसऱ्याच प्रयत्नात इंजिन पेटले. नवे इंजिन मंद चालीवर कौतुकाने ऐकत बसावेसे वाटते, पण नव्या टॅपेटना तेच घातक असते. कॅमवर तेल उडून येते ते क्रँकच्या वेगामुळे, म्हणून सुरुवातीपासून वेग २००० फेऱ्यांच्या आसपास धरून वीस मिनिटे चालवावे लागते. ती वीस मिनिटे मी एक डोळा दाबाच्या काट्यावर आणि दुसरा पाण्याच्या तापमानावर ठेवून उभी होते. तापलेल्या रंगाचा आणि जळणाऱ्या तेलाचा वास सगळीकडे पसरला होता. टॅपेटच्या बाजूच्या झाकणाखालून तेलाचा एक ओघळ आला, तो नंतर गास्केट बदलून थांबवला. क्रँकच्या मागच्या टोकाला मात्र या इंजिनात सील नसते, तेल उलट आत ढकलणारी मळसूत्री चर असते. तिथून एखादा थेंब पडणे हा दोष नव्हे आणि त्यासाठी इंजिन पुन्हा उतरवायचे नाही, हे मी आधीच मनाशी ठरवले होते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासले. नऊपैकी पाच किंचित फिरले. पहिले ८०० किलोमीटर वेग कमी-जास्त करत, गाडी लांब चढावर न दमवता पण उगाच फार हळूही न चालवता पार केले, कारण रिंगा बसायला थोडा भार लागतोच. त्यानंतर गरम इंजिनाचे तेल एका पसरट भांड्यात काढले आणि त्यातून चुंबक फिरवला. चुंबकाला केसाइतकी बारीक, पिठासारखी काळसर पूड लागली. भांड्यातल्या तेलात चमकणारा मऊ धातूचा कण एकही नव्हता. नवे तेल भरून गाडी पुन्हा गरम केली. मंद चालीवर काटा २८ पौंडांवर, चालत्या गाडीत ५५ ते ६० च्या दरम्यान. चौथ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन १६०, बाकीचे त्याच्या पाच पौंडांच्या आत. ज्या चढावर तो ठोका पहिल्यांदा ऐकला होता तिथे तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन गाडी वर नेली, खिडक्या उघड्या ठेवून. टॅपेटची टिकटिक आणि सायलेन्सरचा आवाज, एवढेच ऐकू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर आठही टॅपेट पुन्हा मोजले. सहा १२ थाऊवर होते, दोन ११ वर आले होते. ते जुळवले, झाकणाखाली नवे कॉर्क गास्केट घातले आणि आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवले.